लोणच्याची भाषा

पायथन की रुबी, या वादात दोन प्रोग्रामर जेवण विसरतात. एकाला रेल्सची नजाकत, दुसऱ्याला ओळीआधीच्या मोकळ्या जागेची शिस्त. जावास्क्रिप्ट तर ब्रेंडन आइकनं १९९५ साली दहा दिवसांत उरकली. आज ब्राउझरमध्ये तिच्यावाचून पान हलत नाही. त्याच वर्षी रास्मुस लेर्डॉर्फनं आपल्या होमपेजापुरती जुळवलेली पीएचपी जगासमोर ठेवली. तिला या पंगतीत पाट नाही. (नाकं मुरडणाऱ्यांचीही बिलं बरेचदा तीच भरते, ते सोडा.) २००३ साली तिच्यावरच वर्डप्रेस उभं राहिलं आणि कोडची एक ओळ न लिहिता लोणचंवाल्या काकूंनीही दुकान थाटलं.

"काकू, साइट कुठल्या भाषेत आहे?"

"मराठीत. का रे, वाचता येत नाही का?"