साडेएकाहत्तर गुणांचे परीक्षक

जुलैचा शेवटचा आठवडा आला की परीक्षक सरांच्या फोनला उसंत नसते. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. तालुक्यातल्या निम्म्या शाळा त्याच सकाळी वक्तृत्व स्पर्धा घेतात आणि साऱ्यांना परीक्षक म्हणून सरच हवे असतात. निवृत्त मुख्याध्यापक, विषय मराठी. मानधनाचं पाकीट परत करतात, शाल ठेवून घेतात. कपाटात आता शालींखाली सदरे सापडत नाहीत.

सरांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाही शंका नाही, खुद्द सरांना तर नाहीच. सख्ख्या पुतणीला त्यांनी एकदा उत्तेजनार्थवर बसवलं होतं. ही हकीकत ते दरवर्षी सांगतात; पुतणी अद्याप त्यांच्याशी बोलत नाही, हे सांगत नाहीत.

गुणपत्रिकेवर रकाने असतात : आशय, मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव. सर पट्टीने आणखी एक रकाना आखतात आणि त्यात अर्धे गुण टिपून ठेवतात. ‘न’ आणि ‘ण’ची गल्लत, अर्धा वजा. ‘माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून पुढे तीन मिनिटं बोलला, अर्धा वजा. पहिला मुलगा सन्माननीय व्यासपीठाला आणि गुरुजनवर्गाला वंदन करून शेंगांची टरफलं उचलायला बाणेदार नकार देतो. भाषण झकास होतं. तरी सर ६८वर थांबतात, कारण अजून बरेच यायचेत. अकराव्या स्पर्धकापर्यंत सात जणांनी टरफलं उचलायला नकार दिलेला असतो. मग एक मुलगी टिळकांच्या गणिताच्या आवडीवर बोलते, टरफलाचं नावसुद्धा काढत नाही, आणि सर ऋण फेडल्यासारखे ७४ देऊन टाकतात.

सुरुवातीला हात आखडायची ही खोड एकट्या सरांची नाही. ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धा जगभर नावाजलेली. तिथे कोण कधी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी तिचे जुने निकाल तपासून १९९६मध्ये लेख लिहिला : पहिल्या दिवशी वाजवणारे मागे पडतात, उशिरा वाजवणाऱ्यांचं फावतं. चिठ्ठीत गुणवत्ता नसते. म्हणजे फरक परीक्षकांच्या कानात. तिथे निदान चिठ्ठ्या तरी टाकतात. आपल्याकडे यजमान शाळेची मुलं शेवटी बोलतात, पाहुण्यांचा मान आधी म्हणून.

पण सरांचा खरा घात बेरीज करते. शेजारी विज्ञानाच्या बाई आणि फिरत्या ढालीचे देणगीदार बसलेले असतात. त्या मुलीला सर ७४ देतात, बाई ७३. दुसऱ्या एका मुलाला सर साडेएकाहत्तर, बाई ७१. देणगीदारांना मात्र वक्तृत्व म्हणजे घसा. मुलाचा आवाज मैदानापलीकडे गेला, ९०. मुलगी शांतपणे बोलली, ६२. मुलगी २०९, मुलगा दोनशे साडेबत्तीस. दोन परीक्षकांची पहिली पसंती हरली, एकाची जिंकली, आणि खाली ‘निकाल सर्वानुमते’ म्हणून तिघांच्या सह्या. ज्याच्या गुणांत अंतर मोठं, त्याचं मत जड. सरांनी तासभर तोललेल्या अर्ध्या गुणांना त्यापुढे काडीचं वजन नाही. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तर ते पाव गुणावर उतरतील.

टोस्टमास्टर्स ही १९२४ सालची अमेरिकी संस्था. पुण्या-मुंबईतही तिचे क्लब आहेत. तिच्या स्पर्धेत परीक्षक शंभरापैकी गुण मांडतात, पण ते स्वतःपुरते. मतपत्रिकेवर जातात फक्त पहिली तीन नावं; त्यांना तीन, दोन, एक असे गुण. आपला निकाल तसा लावला, मुलाला सर आणि बाईंनी दुसरं ठेवलं आणि देणगीदारांनी मुलीला रागाने तिसरं टाकलं, तरी सात-सात अशी बरोबरीच होते. बरोबरी फोडायला आणखी एक परीक्षक असतो आणि तो कोण हे सभागृहाला कळू देत नाहीत. सरांना हे पद मानवणार नाही. नाव पुकारलं नाही तर शाल कशी मिळणार?

वेळेचा हिशेबही तिथे परीक्षकाकडे नसतो, घड्याळवाल्यांकडे असतो. सात मिनिटांच्या भाषणाने साडेसात ओलांडली की स्पर्धक बाद. आपल्याकडे घंटा मुलांसाठी. निकालाआधी ‘परीक्षकांचे मनोगत’ असतं आणि त्यात सर रानड्यांच्या १८७५च्या वसंत व्याख्यानमालेपासून निघून नेमकेपणावर पंचवीस मिनिटं बोलतात. पहिलीतली मुलं झोपतात, देणगीदार मान डोलावतात.

तेव्हा संयोजकांनो, यंदा बोलण्याचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरवा, परीक्षकांकडून बेरीज न मागता पहिली तीन नावं मागा, आणि ती घंटा मनोगत संपेपर्यंत टेबलावरून हलवू नका.