गुपचूप यायचं, तर वाजंत्री कशाला?

सरकारी नोकरांत गुप्तहेर तेवढा असा, की तो कामावर हजर आहे हे कुणाला कळता कामा नये. (बाकीचे हजर नाहीत, हे कुणाला कळता कामा नये.) आणि टीव्हीवर नेमका हाच माणूस ट्रम्पेट, बोंगो आणि गिटारच्या गजरात दाखल होतो. चोराला कळतं, चोराच्या शेजाऱ्याला कळतं, फक्त हेराला कळत नाही की आपल्या मागे बँड चाललाय. आमच्या बदलापूर गावात गुप्तता मुळातच परवडत नाही. स्टेशनवरून निघालेल्या शेअर रिक्षात कोण कुणाशेजारी बसलं, ही बातमी रिक्षाच्या आधी गावात पोचते. तीही कसल्याच पार्श्वसंगीताशिवाय.

या गोंगाटातली सगळ्यात नावाजलेली धून ‘मिशन इम्पॉसिबल’ची. मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. काडी ओढली जाते, वात पेटते आणि लालो शिफ्रिन या अर्जेंटिनात जन्मलेल्या संगीतकाराचा वाद्यवृंद अंगावर येतो. साहेबांच्या हिशेबात हा पाच मात्रांचा ताल. अर्ध्या-अर्ध्या मोजा, म्हणजे दहा होतात, आपल्या झपतालाइतक्या. फक्त झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो आणि हा तीन-तीन-दोन-दोन असा लंगडतो. दोन लांब ठोके, दोन आखूड. तारखात्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, मोर्समध्ये दोन डॅश म्हणजे ‘एम’ आणि दोन डॉट म्हणजे ‘आय’. म्हणजे ज्या पथकाचं अस्तित्वच सरकार नाकारणार, ते दर आठवड्याला स्वतःची आद्याक्षरं वाजवत यायचं. असा हेर आमच्या गावच्या भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याने दुसऱ्या आवर्तनाला पकडला असता.

पुढे १९९६ साली याच नावाचा सिनेमा आला, तेव्हा यू-टू बँडच्या अ‍ॅडम क्लेटन आणि लॅरी मलन यांनी ही धून नाचण्याजोगी करून दिली. बहुतेक भाग चार मात्रांत बसवला. नव्या टॉवरच्या कार्पेट एरियातून बाल्कनी जाते, तशी पाचवी मात्रा गेली आणि खप मात्र जोरदार झाला.

जेम्स बाँड सिनेमाचा, हे मान्य. पण गावात बहुतेकांनी त्याला केबलवरच पाहिला, म्हणून त्याला इथे बसू द्या. ‘डॉ. नो’ (१९६२) मधली त्याची ती जगप्रसिद्ध धून मुळात कुठल्या हेरासाठी नव्हतीच. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’वर एक संगीत नाटक करायचं घाटत होतं. त्यातल्या त्रिनिदादच्या भारतीय माणसासाठी मॉन्टी नॉर्मन यांनी चाल बांधली. गाण्याचा विषय काय, तर अपशकुनी शिंक! नाटकात माशी शिंकली, ते रंगमंचावर आलंच नाही. नॉर्मन यांनी फडताळातली चाल काढून बाँडच्या गळ्यात घातली आणि जॉन बॅरी यांनी तिला गिटार-ट्रम्पेटचा सूट शिवला. मग ‘चाल नक्की कुणाची’ यावरून एका ब्रिटिश वृत्तपत्राशी खटला झाला. २००१ साली नॉर्मन तो जिंकले आणि तीस हजार पौंड घेऊन घरी गेले. एका शिंकेचे एवढे पैसे आजवर कुठल्या ज्योतिषालाही मिळालेले नाहीत.

आपल्याकडे दूरदर्शनची ओळखधून पंडित रविशंकर यांची, आणि १९९३ साली आलेल्या ‘ब्योमकेश बक्षी’चं शीर्षकसंगीत आनंद शंकर यांचं. आनंद हे रविशंकरांचे पुतणे. वाहिनीची धून काकांची, मालिकेची पुतण्याची. एवढं असूनही दोघांनी एकाच चिन्हावर दावा सांगितला नाही, निवडणूक आयोगाकडे कुणी गेलं नाही. महाराष्ट्रात कार्यक्रम दाखवला गेला, तरी त्यातून काही घेतलं गेलं नाही, एवढंच म्हणता येईल. (ब्योमकेश हेर नव्हे, सत्यान्वेषी, असं बंगाली वाचक लगेच सांगतील. सांगू द्या.)

त्या काळात शीर्षकसंगीताला एक सरळ काम होतं: बोलावणं धाडणं. आळीत टीव्ही मोजके, रिमोटचा पत्ता नाही, आणि मालिका चुकली की चुकली. धून वाजली की ओट्यावरच्या बाईने गॅस बारीक करायचा, पोरांनी खेळ टाकायचा आणि शेजाऱ्यांनी न विचारता आत येऊन सतरंजीवर बसायचं. ट्रम्पेट हेरासाठी नव्हतंच, ते आपल्यासाठी होतं. आता पडद्याच्या कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’चं बटण असतं. हेर बिचारा एवढा वाजतगाजत येतो आणि आपण त्याला मांडवाच्या दारातूनच आत ढकलतो.

खऱ्या हेरासाठी मात्र काहीच वाजत नव्हतं. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचे घोडे बदलापुरात बदलले जात, असं गावात अभिमानाने सांगतात. पण सुरतेची खडान्‌खडा बातमी आणणारे महाराजांचे हेर बहिर्जी नाईक कसे आले, कसे गेले, कुठल्या वेषात होते, हे सांगणारा कुणी नाही. यालाच गुप्तहेर म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. उद्या त्यांच्यावर वेबमालिका काढणाऱ्यांनी कृपा करून ढोल-ताशे आवरावेत. नाईक दारात पोचायच्या आधी सुरतेचा सुभेदार किल्ल्यात जाऊन बसेल.

मराठी माणसाचं तपासाशी नातं तसं जुनं आहे. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ होती, त्यात शिवाजी साटम आणि दिग्दर्शनाला बी. पी. सिंग. याच जोडीची ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा परतली. मधल्या काळात पोलिसांचा शंभर नंबर जाऊन एकशे बारा आला, पण साटमांच्या एसीपी प्रद्युम्न यांची बोटं हवेतच फिरत राहिली आणि दया दरवाजे तोडतच राहिला. (आमच्याकडच्या काही नव्या इमारतींत त्याला बोलवायची गरज नाही. दरवाजे पावसाळ्यात आपोआप उघडतात.) ‘सीआयडी’ची धून आता मालिकेपेक्षा बदलापूर लोकलमध्ये जास्त ऐकू येते. सकाळी सीएसएमटीकडे निघालेल्या डब्यात एका फोनवर खून होतो, दुसऱ्यावर प्रेत सापडतं, तिसऱ्यावर हरिपाठ चालू असतो, आणि तिन्हींचा आवाज पूर्ण. अंबरनाथला खुनी कोण ते कळतं, उल्हासनगरला कबुलीजबाब, आणि कल्याणला चढणाऱ्याला काहीच न बघता सगळी केस ठाऊक होते.

तेव्हा डब्यातल्या तमाम एसीपींना हात जोडून विनंती: तपास जरूर चालू ठेवा, पण इअरफोन लावून. खुनी कोण आहे ते आम्हाला घरी जाऊन बघायचंय.