घरमालक हजर की गैरहजर? भामरागडकरांसाठी स्मार्ट थर्मोस्टॅट मार्गदर्शिका

पुण्यात नाहीतर बंगळुरूत नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी आईवडिलांच्या एसीसाठी पाठवलेला स्मार्ट थर्मोस्टॅट आलापल्लीहून धक्के खात भामरागडला पोचला आणि भिंतीवर बसला असेल, तर प्रथम अभिनंदन. खोक्यातल्या पुस्तिकेत मराठी नाही, माडियाचा तर प्रश्नच नाही. ही उणीव भरून काढण्याचे राष्ट्रीय कर्तव्य प्रस्तुत लेखकाने शिरावर घेतले आहे.

यंत्राचे म्हणणे साधे आहे. घरी कोणी असेल तर एसी 24 अंशांवर ठेवायचा, नसेल तर बंद करायचा. 24 हा आकडा हवेतून आलेला नाही. 1 जानेवारी 2020 पासून तारांकित एसी कारखान्यातूनच 24 वर लावून येतात आणि एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. आता घरी कोणी आहे की नाही हे ठरवायला यंत्राकडे दोन साक्षीदार असतात. एक तुमचा फोन, दुसरा यंत्राच्या तोंडावरचा हालचाल टिपणारा डोळा. शहरात हे दोघे बऱ्यापैकी खरे बोलतात. आपल्याकडे आले की फुटतात.

सर्वांत नेहमीची तक्रार अशी : मी पलंगावर बसलोय आणि यंत्र म्हणते घरात कोणी नाही. अशा वेळी यंत्राला शिव्या देण्याआधी आपला फोन कुठे आहे ते पाहावे. तो मागच्या पडवीत वाश्याला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सुतळीने टांगलेला असणार. कारण रेंज तिथेच येते, तीही एकच दांडी, आणि पिशवी उजवीकडे फिरली की जाते. यंत्राच्या मते घरमालक म्हणजे तो फोन. रेंज गेली की घरमालक बेपत्ता. उपाय : फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ वर ठेवा, कारण ‘ॲप उघडे असतानाच’ निवडले तर ॲप मिटताक्षणी तुम्ही परागंदा होता. बॅटरी वाचवण्याची सोय या ॲपपुरती बंद करा. वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झवर चालवा, भिंतीपलीकडे तोच बरा पोचतो. आणि घरातल्या सगळ्यांचे फोन जोडा, म्हणजे शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत एसी बंद होणार नाही. आजीकडे फोन नसेल तर यंत्राच्या दृष्टीने आजी नाही. हे तिला सांगू नये.

उलट तक्रारही येते. मार्च-एप्रिलमध्ये अख्खे घर पहाटेच टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला जाते. फोन घरी चार्जिंगला. लाईन असेल तर दुपारपर्यंत एसी त्या फोनला इमानेइतबारे गार करत राहतो. यावर कंपनीचा सल्ला आहे की फोन सोबत न्यावा. मोहाच्या झाडाखाली वाकून वाकून वेचणाऱ्या बाईने कमरेला फोन खोचावा, तेही इकडे एसीला कळावे म्हणून, असे सुचवणारा माणूस मोहाखाली कधी वाकलेला नसावा.

दुसरा साक्षीदार डोळा. तो माणूस पाहत नाही, अंगाच्या उष्णतेत आणि मागच्या भिंतीच्या उष्णतेत फरक किती, आणि तो फरक हलतोय का, एवढेच पाहतो. थंड देशांत भिंत 20 अंशांची आणि माणूस 37 चा, त्यामुळे माणूस उठून दिसतो. मे महिन्यात दार उघडे टाकलेल्या आपल्या खोलीची भिंत आणि आपण साधारण एकाच तापमानाचे होतो. त्यात बाबा जेवून, ओला दुपट्टा छातीवर पसरून आडवे होतात. आता बाबा, खाट आणि भिंत यांत डोळ्याला काडीचाही भेद दिसत नाही. अद्वैताची ही अवस्था गाठायला लोक हिमालयात जातात. यंत्र मात्र एसी बंद करते. बाबांनी दर पंधरा मिनिटांनी पाय वर करावा. पाय दुखत असल्यास एक कोंबडी खोलीत सोडावी. तिची हालचाल यंत्र घरमालकाची म्हणून बिनतक्रार स्वीकारते आणि वीजबिल तसेही बाबांच्याच नावाने येते.

आता नदीचा मुद्दा. तो कोणत्याही पुस्तिकेत नाही, म्हणून सविस्तर. तुम्ही घराजवळ आलात हे ओळखण्यासाठी ॲप नकाशावर घराभोवती एक वर्तुळ आखते. तुम्ही वर्तुळात शिरलात की एसी स्वागताला सुरू. अनेक ॲपमध्ये हे वर्तुळ लहान-मोठे करता येते आणि हौशी चिरंजीव ते ऐसपैस ठेवतात. हेमलकसा आपल्यापासून तीनेक किलोमीटर, म्हणजे वर्तुळाच्या आत. मध्ये पर्लकोटा वाहते, हे वर्तुळाच्या गावीही नसते. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की माणूस हेमलकशाला अडकतो. तिथल्या लोक बिरादरी प्रकल्पाच्या परिसरात 1973 पासून असंख्य माणसांना आसरा मिळाला आहे, त्यामुळे त्याची काळजी नको. काळजी एसीची. धनी तीन किलोमीटरवर आले, आता पोचतीलच, या भरवशावर तो रिकामे घर गार करत बसतो, पूर ओसरेपर्यंत. 2019 च्या पावसाळ्यात तर पाणी गावातच शिरले. तेव्हा घरातले लोक घरात नव्हते आणि नदी होती. यंत्राने तिला काय समजावे?

उपाय : जूनच्या पहिल्या सरीलाच वर्तुळ सर्वांत लहान करावे. इंद्रावती आणि पामुलगौतमीच्या दिशेला हीच दक्षता.

लाईनबद्दल थोडक्यात. यंत्र एसीला रिमोटसारखेच इशारे देते, पण ते एकतर्फी. एसीने ऐकले की नाही हे त्याला बहुधा कळत नाही. लाईन जाऊन आली की एसी आपल्या मनाने सुरू होतो, वाय-फाय डोळे चोळत उठतो आणि ॲप ‘एसी बंद आहे’ म्हणून पुण्याला कळवते. तिथून फोन येतो, ‘बाबा, एसी लावत का नाही?’ बाबा इकडे पांघरूण शोधत असतात. शेजारी ‘लाईन आली का जी?’ विचारत आले तर त्यांचेच खरे मानावे, ॲपचे नाही. बाकी जुन्या चांदा जिल्ह्याच्या चंद्रपुरात 2920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र असताना आपण वीज वाचवायचे यंत्र बसवावे, यात काही गंमत आहे असे कुणाला वाटल्यास त्याने ती आपल्यापाशीच ठेवावी. वीज वाचवण्याचे काम इथे महावितरण आणि वादळवारा मिळून करतात, तेही ॲपशिवाय.

आपलेच नशीब फुटके असेही समजू नका. 2011 साली अमेरिकेत निघालेला नेस्ट हा या यंत्रांतला नामांकित. तीन वर्षांनी गूगलने ती कंपनी 3.2 अब्ज डॉलरना घेतली. जानेवारी 2016 मध्ये सॉफ्टवेअरच्या चुकीने त्यांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत लोकांची घरे गारठली. तिथे तर पूरही नव्हता.

तेव्हा समस्त थर्मोस्टॅट कंपन्यांना विनंती की ‘घरी’ आणि ‘बाहेर’ यांच्या जोडीला ‘अंगणात’ असे तिसरे बटण द्यावे, कारण उन्हाळ्यात आमची निम्मी रात्र तिथेच खाटेवर जाते, आणि चौथे ‘पुलापलीकडे’. ते येईपर्यंत वाचकांनी ऑटोमॅटिक बंद ठेवून साधा रिमोट वापरावा. त्याला दोन पेन्सिल सेल लागतात. ते भामरागडच्या बाजारात मिळतात.