पावती मागणाऱ्या बापाला माफ करा

लातूरच्या उद्योग भवन परिसरातले व खाडगाव रोडवरचे, तसेच नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरातले समस्त रूममालक यांसी,



मेच्या पहिल्या रविवारी नीटचा पेपर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुखेड तालुक्यातला एक शेतकरी मुलीचं सामान न्यायला आपल्यापैकी एकाच्या दारात आला. गादी, बादली, कुकर, पुस्तकांची दोन पोती. सामान टेम्पोत चढलं आणि मग त्याने पायरीवर उभं राहून डिपॉझिटचा विषय काढला. मालकांनी डायरी उघडली. भिंतीत खिळा ठोकल्याचे इतके, रंगाचे इतके, पंख्याच्या रेग्युलेटरचे इतके, साफसफाईचे इतके आणि महिनाभर आधी न कळवता रूम सोडली म्हणून एक पूर्ण भाडं. नीटची तारीख एनटीएने साऱ्या देशाला आधीच कळवली होती, पण मालकांना ती वेगळी कळवायला हवी होती. उरलेली रक्कम टेम्पोलाही पुरणार नव्हती. तरी तो माणूस भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मालक, याची एक पावती देता का?"

मालक दुखावले. "दोन वर्षं पोरीसारखं सांभाळलं की हो, अन् आता पावती मागता?"

चूक त्या बापाचीच. पोरीसारखं सांभाळल्याचं भाडं दर महिन्याच्या एक तारखेला रोख घेतलं जातं, चार तारखेनंतर त्यावर दंड लागतो आणि या मायेची पावती नसते, हे त्याला दोन वर्षांत कळायला हवं होतं. त्याच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येईल. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात भाडं घेणाऱ्याने लेखी पावती द्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि न देणाऱ्याला दंडही सांगितला आहे. पण तो कायदा मुंबईत झाला. मुंबईहून निघालेलं मराठवाड्यात उशिरा पोचतं, त्याला आपण काय करणार?

कराराचंही तेच. आपला अकरा महिन्यांच्या आकड्यावर केवढा विश्वास! वर्षाच्या आत ठेवलं की नोंदणी लागत नाही, हे आपण एकमेकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते खरंच वाटतं. देशाच्या 1908 च्या नोंदणी कायद्यापुरतं ते ठीकही होतं. महाराष्ट्रात मात्र 1999 च्याच कायद्याचं कलम 55 म्हणतं की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढची ओळ तर आपण बसूनच वाचावी: नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "खिळा ठोकायचा नाही असं ठरलंच नव्हतं," एवढं तो मुखेडचा माणूस म्हणाला असता, तर कायद्याने डायरीतलं ते पान कोरं झालं असतं. पण तो कोर्टात जाणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पेरणी तोंडावर आलेली असताना दहा-पंधरा हजारांसाठी लातूरच्या कोर्टात तारखा कोण घेणार? आपला सगळा व्यवहार याच एका खात्रीवर उभा आहे.

भाडं किती वाढलं, हेही त्यामुळे कुणाला धड सांगता येत नाही. वाढलं हे पेठेतल्या पानवाल्यालाही माहीत आहे, पण दाखवायला कागद नाही. पूर्वी रूमचं भाडं असायचं, आता कॉटचं असतं. दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट टाकल्या की माणशी तीस चौरस फूट येतात. त्यातले अठरा कॉटच खाते. उरलेल्या बारात टेबल, सूटकेस आणि डॉक्टर होण्याचं स्वप्न. चौघांची बेरीज केली तर ती खोली पुण्यातल्या खोलीला लाजवते. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात नांदेड 'वाय' वर्गात आहे आणि लातूर अजून 'झेड'मध्ये. तिथल्या कर्मचाऱ्याला मूळ पगाराच्या 10 टक्केच मिळतात. आपल्या डायरीत मात्र दोन्ही शहरं केव्हाच मुंबई-पुण्याच्या 'एक्स' वर्गात गेली. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतल्या मास्तरांनी जादा तास आणि सराव परीक्षा घेऊन 'लातूर पॅटर्न' उभा केला. त्याची फळं वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात पिकतात.

सबमीटरचा युनिट दर महावितरणच्या बिलाशी जुळत नाही, ते असू द्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो दुष्काळ सरला, तरी टँकरचा आकार डायरीतून गेला नाही, तेही असू द्या. मुलासोबत राहून स्वयंपाक करणाऱ्या आईला भेटायला तिचा नवरा गावाहून आला की "मुक्काम किती दिवस?" असं जिन्यातच विचारता, तेही.

एक गोष्ट मात्र असू देता येत नाही.

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला 43,000 रुपये ठरले आहेत. त्यात राहण्याचे 12,000, म्हणजे महिन्याला हजार. या हजारात आपण कुणाला व्हरांडाही देणार नाही. पण बाकीचे 31,000 जेवणाचे आणि निर्वाहाचे आहेत, आणि अर्जासोबत राहत्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. भाडेकरार. तो कागद मागायला पोरगं आपल्या दारात येतं आणि आपण म्हणता, "तसलं काही आम्ही देत नसतो, उद्या टॅक्सवाले येतील." आपला काही शेकड्यांचा कर वाचतो आणि त्या पोराचे 43,000 जातात. शेतमजुराच्या घरातलं पोरगं वर्षभर एका वेळच्या डब्यावर काढतं, कारण एका सहीने आपलं उत्पन्न उघडं पडेल!

आणि हे कधी, तर त्याला रूम मिळाली तर. कागद आपल्याला नको, आडनाव मात्र हवं. "रूम भाड्याने देणे आहे" ही पाटी वाचून मुलगा येतो, आपण नाव विचारता, गाव विचारता, मग सहज विचारल्यासारखं "पूर्ण नाव?" म्हणता. उत्तर ऐकलं की रूम कालच गेलेली असते. पाटी पुढच्या आठवड्यातही गेटवर असते. शेखांच्या मुलीला तर फोनवरच कळतं. एरवी कोणतीही अट न लिहिणारी माणसं ही अटही लिहीत नाहीत, कारण लिहिली तर दाखवता येईल. लाज वाटत नाही? याच मुलांच्या निकालांचे फलक चौकाचौकात लागतात म्हणून आपल्या प्लॉटला भाव आला.

आता आपली बाजू. ती नाही असं नाही. आपल्यापैकी कितीतरी जण निवृत्त शिक्षक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले आहेत, गावाकडचं दोन एकर विकून शहरात आलेले आहेत. वरचा मजला बँकेच्या कर्जावर चढवला. मार्च 2020 मध्ये पोरं एका रात्रीत गावी गेली, रूम महिनोन्‌महिने रिकाम्या राहिल्या, हप्ता मात्र चालू होता. तेव्हा भाडं बुडवून गेलेल्या पालकांना आपण फोन करत होता आणि ते उचलत नव्हते. मागचा इतिहासही खरा. मराठवाड्यात निजामाच्या राज्यानंतर 1954 चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता, आणि त्या काळात शिरलेला भाडेकरू नातवंडं झाली तरी न निघाल्याची एक तरी गोष्ट प्रत्येक गल्लीत आहे. कागदाची भीती तिथून आली. पण 2000 साली तो कायदा गेला. नव्या कायद्याचं कलम 24 आपल्याच बाजूचं आहे. लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मिळते, आणि लेखी करार हाच पुरावा. शिवाय नीट झाल्यावर आपल्या पत्र्याखाली एक रात्र जास्त राहायची हौस आहे कुणाला?

आणि आपला मुलगा पुण्यात आहे. हिंजवडीत नोकरी, वाकडला दोन खोल्या. गेल्या वर्षी त्याला घर लावून द्यायला आपणच गेला होता. एजंटला एक महिन्याचं भाडं दिलंत, तिथल्या मालकाने मागितलेलं डिपॉझिट ऐकून पाणी प्यायलात, करार मात्र ऑनलाइन नोंदवून घेतलात, आधारवर अंगठा देऊन. परत निघण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फरशीच्या तड्याचा मोबाइलवर फोटो काढलात आणि पोराला म्हणालात, "जपून ठेव. हे लोक सोडताना पैसे कापतात." त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये आपणही एक बापच होता, दुसऱ्याच्या डायरीला घाबरलेला.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : जूनमध्ये नवी बॅच येते आहे. महिना 5,000 भाडं आणि 10,000 डिपॉझिट धरलं, तर अकरा महिन्यांच्या करारावर 0.25 टक्क्याने मुद्रांक शुल्क हिशेबाने दीडशेच्या आसपास येतं, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. निम्मा खर्च द्यायला पालक तयार आहेत. डिपॉझिटचा आकडा मात्र करारात अक्षरी लिहावा.