मासवडीच्या पश्चिमेला

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगाव, आळेफाटा असं जाताना पोट सांभाळणं म्हणजे जवळपास वैराग्यच. मासवडीच्या पाट्या एकीमागून एक येत राहतात. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण, वर तांबडीलाल तर्री, सोबत बाजरीची भाकरी. दुसरी भाकरी आपण मागवत नाही, ती आपोआप येते.

याच रस्त्यावरून पश्चिमेला वळावं. मंचरहून घोडेगाव, डिंभे धरण आणि पुढे भीमाशंकरचे डोंगर. नारायणगावहून जुन्नर आणि नाणेघाट. इकडे मासवडी मागे पडते आणि हिरडा सुरू होतो. दुखणं हमरस्त्यावर, औषध डोंगरात, मध्ये एसटीचा प्रवास. जुन्नर-आंबेगावची आखणी करणाऱ्याने माणसाच्या पोटाचा पुरता अभ्यास केलेला दिसतो.

आमच्या आत्याने हा प्रवासही वाचवला आहे. तिच्या फडताळात त्रिफळा चूर्ण, म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. शिवाय इसबगोल, कॅल्शियमच्या गोळ्या, बी-बाराच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या. ड जीवनसत्त्व उन्हाने अंगातच तयार होतं हे तिला ठाऊक आहे, पण मंचरच्या उन्हात बसलं की तिचं डोकं दुखतं. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हेही मी तिला सांगून पाहिलं. ‘‘नाचणी डोंगरात खातात बाबा,’’ ती म्हणाली. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, तेव्हा पुण्याहून भाचीने नाचणीची बिस्किटं आणली. ती मात्र आत्याने चहात बुडवून आवडीने संपवली.

बी-बाराबद्दल मी काही बोलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माळकरी घर, रक्त तपासून डॉक्टरांनीच दिलेली गोळी. तिथे माझी अक्कल कशाला? माझी तक्रार चूर्णाबद्दल आहे, आणि तीही चूर्णाबद्दल कमी, त्याच्या भरवशावर होणाऱ्या जेवणाबद्दल जास्त. ताट पुढे सरकवत आत्या म्हणते, ‘‘घे रे अजून एक वडी, चूर्ण आहे घरात.’’ सगळं पथ्यशास्त्र या एका वाक्यात उताणं पडतं.

खरं तर हिरडा इतका भोळा नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्याचे सात प्रकार सांगितले. त्यातल्या चेतकीच्या नुसत्या सावलीत गेलं तरी माणसालाच काय, पशुपक्ष्यांनाही जुलाब होतात म्हणे. (अशा झाडाखाली वनभोजन कुणी ठरवत नसावं.) तोच हिरडा चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो, आणि वाफवला तर उलट मळ बांधतो. बरोबर काय घ्यायचं तेही ऋतूप्रमाणे बदलतं: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. एवढं सांभाळायचं तर माणसाला ऋतू कळायला हवा, आणि आपण आज काय जेवलो हेही आठवायला हवं. मग निम्मी दुखणी तिथेच आटोपतील. आम्हाला हे नको असतं. आम्हाला बाराही महिने एकच चमचा आणि कोमट पाणी हवं. पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं असलं, तरी दवाखान्याऐवजी चमचा मोठा होतो.

त्याच ग्रंथात हिरडा कुणी घेऊ नये याचीही यादी आहे. गर्भवतीने घेऊ नये, हे समजतं. पण वाट चालून थकलेल्याने, अशक्ताने, रोडावलेल्याने, उपासाने खंगलेल्याने घेऊ नये, हे वाचलं की मला पश्चिमेकडची महादेव कोळ्यांची गावं दिसतात. ऐन उन्हाळ्यात चढ-उतार तुडवायचे, झाडावर चढून कोवळी फळं पाडायची, ती उन्हात काळी, सुरकुतलेली होईपर्यंत वाळवायची आणि वळवाच्या सरी आल्या की धावत जाऊन झाकायची. हाच तो बाळहिरडा. कित्येक घरांचा वर्षाचा रोख पैसा त्यातून येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं उन्मळून पडली, तेव्हा तिथे पोटाचाच प्रश्न उभा राहिला, पण तो आत्याच्या फडताळातला नव्हता.

एकदा डोंगरात अंगणभर हिरडा वाळत घातलेला दिसला. राखण करत बसलेल्या मावशींना मी विचारलं, ‘‘मावशी, तुम्ही घेता का हो हा, पोटासाठी?’’

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नजर माझ्या पोटावर आणून थांबवली. ‘‘आम्हाला काय करायचाय? किती किलो देऊ?’’


मी अर्धा किलो घेतला. आत्या तो डबीत भरायला निघाली, तर म्हटलं आधी ऋतू कुठला ते बघू. ती म्हणाली, ‘‘लग्नसराई.’’