टाकाऊतून टिकाऊ ताई

महामार्गावरच्या टोलनाक्यावर पूर्वी कागदी पावत्या मिळत. लोक त्या चुरगाळून खिडकीबाहेर टाकत आणि उन्हाळी शिबिराच्या ताई त्यांच्या पताका करत. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली म्हणून गाडीवाले खूश झाले. कच्चा माल बंद पडल्याचं दुःख एकट्या ताईंना.

या ताई गावोगावी असतात. १ मेला निकाल लागतो, २ मेला त्यांचं शिबिर. देवळाच्या सभामंडपात सतरंजी, मधोमध फेव्हिकॉलचा डबा आणि भोवती नुकतीच शाळेतून सुटलेली पोरं पुन्हा ओळीत. जगात वस्तूंचे दोनच प्रकार, असं ताई मानतात : पेनस्टँड, आणि अजून पेनस्टँड न झालेल्या. बाटली, बांगड्या, पावडरचा डबा, कुणाची सुटका नाही. मागे एका चुणचुणीत पोरीनं विचारलं, "ताई, आमच्यात पेन एकच हाय, त्ये बी आण्णांच्या खिशाला. ह्यात काय ठिवू?" ताई म्हणाल्या, "आधी चमकी लाव." तो पेनस्टँड आता आजीची मिसरीची डबी सांभाळतो.

कुल्फीच्या काड्यांची झोपडी हा अभ्यासक्रमाचा कळस. पण पोरं काड्या चघळून चोथा करतात, म्हणून या टाकाऊ काड्या पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन कोऱ्या, पाकीटबंद आणाव्या लागतात. टाकाऊचा खर्च बराच येतो. तो फीमध्ये धरलेला असतो.

अरविंद गुप्तांचं नाव ताई देवासारखं घेतात. गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून पोरांना भूमिती शिकवली, पुण्याच्या आयुका या विज्ञानसंस्थेत बसून कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फरक एवढाच, की त्यांची खेळणी फिरतात, उडतात, वाजतात आणि पोरांच्या हातून खुशाल मोडतात. ताईंची वस्तू शोकेससाठी जन्म घेते. "हात लावू नकोस, ओलं आहे!" हे वाक्य शिबिरभर घुमत असतं. हाताने करायच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे ज्याला जमलं त्याला पहिला नंबर.

मागच्या रांगेतल्या एकानं जोंधळ्याच्या धाटाची बैलगाडी केली होती. चाकं फिरत होती, जू वर-खाली होत होतं, फेव्हिकॉलचा थेंबही लागला नव्हता. ताईंनी ती चारी बाजूंनी पाहिली. "छान आहे रे, पण हिला चमकी कुठे लावायची?" पोरगं गाडी घेऊन निमूट बाहेर गेलं आणि पाठोपाठ निम्मं शिबिर गेलं. कागदी थाळीच्या मुखवट्यांचंही तसंच. तक्त्यावर सिंह आणि ससा. पोरांनी एकजात बिबट्या रंगवला. शिरूर-दौंडच्या उसात राहणाऱ्यांना सिंहाशी काय देणंघेणं?

या सगळ्यात ताईंना आळशी म्हणायची मात्र छाती नाही. अर्धवट सोडलेल्या सगळ्या झोपड्या त्या रात्री जागून एकटीनं पुऱ्या करतात. म्हणून तर झोपड्या इतक्या सारख्या दिसतात. सकाळी पोरं आपापली झोपडी ओळखायला काडीवरचं नाव शोधतात.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन. गुऱ्हाळावरून आणलेल्या गुळाच्या खोक्याचा बंगला मध्यभागी मांडलेला; मुंग्यांनी आदल्या रात्रीच वास्तुशांत उरकलेली. सरपंच आले, आयांनी फोन वर धरले, पेनस्टँडांची रांग पाहून सरपंच "वा, वा" म्हणाले आणि ग्रामपंचायतीला एक मिळाला. मग त्यांनी नारळ उचलला, पायरीवर आपटायला हात वर नेला, तोच मागून ताईंचा आवाज आला :

"साहेब, जरा मधोमध फोडा हं! करवंट्या लागणार आहेत."