आकडा आला, हुकूम कुठे?

शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीत दत्ताची उत्सवमूर्ती हलवायला बैठक लागत नाही. कृष्णेचं पाणी देवळात शिरू लागलं की मूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात जाते. तिथंही पाणी येईलसं दिसलं की आणखी वर. कधी हलवायची, पूजा पुढं कुठं चालू ठेवायची, सगळं आधीच ठरलेलं. पुजारी पाणी बघतात आणि कामाला लागतात. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वाराच्या स्नानाला झुंबड उडते. पण तोवर खालच्या दुकानदारांनी पेढ्यांचे ट्रे आणि कवठाच्या बर्फीचे डबे उचलून वर नेलेले असतात.

हाताशी आलेल्या माहितीवर वेळेत निर्णय घेणं म्हणतात ते हेच. देवासाठी जे ठरलं, ते माणसांसाठी अजून का ठरत नाही?

माहिती कमी पडते, असं कुणी सांगू नये. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक. पावसाळ्यात हे आकडे इथं पानपट्टीवरसुद्धा ऐकायला मिळतात. कोयना धरणातून सुटलेलं पाणी वाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमावर यायला कित्येक तास लागतात. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फूग मागं रानात पसरते, हे शिरोळच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तरी ऑगस्ट 2019 मध्ये व्हायचं ते झालंच. 2005 च्या महापुरात पाणी जिथवर आलं होतं त्या खुणेवर विसंबून कित्येक जण घरातच थांबले. पाणी ती खूण ओलांडून गेलं. राजारामला पातळी 55 फुटांवर गेली, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, मग एनडीआरएफ, लष्कर आणि नौदल आलं. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि जीव वाचवायला निघालेली माणसं बुडाली. रस्ता कोरडा असताना निघायचं ठरलं असतं, तर त्या बोटीत बसायची वेळ कुणावर आली नसती. जुलै 2021 मध्ये पुन्हा तोच महापूर.

अडतं कुठं? इशाऱ्याचा मजकूर वाचा: नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? गोठ्यात दोन म्हशी, एक गाभण गाय. त्यांचं दावं सोडून न्यायची कुठं? तिथं वैरण कोण टाकणार, धारा काढून दूध कुठं घालायचं? या प्रश्नांना उत्तर नसतं, म्हणून घरातला कर्ता गोठ्यासाठी मागं राहतो. त्याच्यासाठी त्याची बायको राहते, आणि मग त्या दोघांना काढायला रात्री बोट जाते. लोक ऐकत नाहीत अशी तक्रार मग होते. ऐकण्यासारखं त्यांना सांगितलंय काय?

मुंबईत 26/11 ला वेगळं नव्हतं. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, बड्या हॉटेलांवर डोळा आहे, अशा सूचना आधीच आल्या होत्या. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीनं त्यांची नोंद घेतली आणि त्या हाताळण्यातला गोंधळही दाखवला. सूचना होत्या, त्या एकत्र वाचून उद्या सकाळी कुणी काय करायचं, हे ठरवणारं कुणी नव्हतं. शत्रू असो की पूर, कागद फाइलला लावला की काम झालं, ही सवय जीव घेते.

फूग वाढेल म्हणून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 वर न्यायला आपला विरोध आहे, तो असलाच पाहिजे. पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालावरही हवं तेवढं भांडा. पण त्या भांडणाचा निकाल काहीही लागो, या ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री गाव कधी सोडायचं ते त्यातून कळणार नाही.

म्हणून शिरोळच्या तहसीलदारांकडं आणि प्रत्येक ग्रामपंचायतीकडं एक रोकडी मागणी. चावडीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा: राजारामला अमुक फूट झाले की जनावरं हलणार, अमुक फुटांना म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि लहान मुलं, अमुक फुटांना सगळं गाव. शेजारी कारखान्याच्या आवारातली जागा, ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर आणि वैरणीचा ठेका कुणाकडं तेही लिहा. आकडा गाठला की पोलीस पाटलानं वर न विचारता भोंगा वाजवायचा, आणि तो अधिकार त्याला लेखी द्यायचा. भोंगा वाजला आणि पाणी आलंच नाही, तरी त्याला नोटीस काढायची नाही, हेही त्याच कागदावर सहीनिशी लिहून द्या. हे सगळं मे महिन्यात, रान कोरडं असताना उरका.